चौदा दिवसांचा तक्ता

पाण्याची बाटली सकाळी भरलेली, शाळा सुटतानाही भरलेलीच. पाणी प्यायलं की मध्येच उठावं लागतं, आणि वर्ग कुणाच्या भरवशावर सोडायचा?

डाव्या कानात बारीक शिट्टी. तास संपला तरी ती संपत नाही.

नववीत एकसष्ट मुलं.

मुख्याध्यापकांचा मेसेज : सोमवारी तपासणी. सर्व नोंदी पूर्ण हव्यात.

पर्समध्ये डॉक्टरांनी दिलेला तक्ता. चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ, घरी रक्तदाब मोजून लिहायचा. अठ्ठावीस चौकटी, सगळ्या कोऱ्या. डॉक्टरांची वेळ आज साडेपाचची.

विज्ञानाच्या बाईंनी शिक्षक-खोलीत तो तक्ता उलगडला आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने दोन पेनं काढली, एक निळं, एक काळं. रोजच्या पाठांची टाचणवही अशीच भरायची. एका बैठकीत, पण रोजची वाटेल अशी.

१२८/८२. १३०/८४. १२६/८०.

"काय बाई, कुणाचा निकाल लावताय?" चित्रकलेचे सर डोकावले.

"माझाच."

"मग एखाद्याला नापास करा. सगळेच पास दिसले की तपासणीच्या साहेबांच्या कपाळाला आठ्या पडतात."

बाई हसल्या. आठव्या दिवसाच्या चौकटीत त्यांनी १४६ टाकलं.

साडेपाचला दवाखान्यात डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. "एकशे अठ्ठ्याहत्तर!" मग तक्ता पाहिला, तसा त्यांचा चेहरा निवळला. "इथे आलं की बऱ्याच जणांचा वाढतो. घरचेच आकडे खरे धरायचे. गोळी वाढवणार होतो, आता नको. इतका नीटनेटका तक्ता कुणी आणत नाही हो!"

बाईंनी तक्त्याकडे पाहिलं. प्रयोगवहीत मनाचे आकडे लिहिणाऱ्या मुलांना त्या वर्गाबाहेर उभं करत. आत्ता बोललं तर बोललं.

"डॉक्टर, ते..."

"हं, बोला ना."

हातातला फोन थरथरला. मुख्याध्यापकांचा मेसेज : हजेरीचा गोषवारा अजून आला नाही, बाई.

"काही नाही. परत कधी येऊ?"

"तीन महिन्यांनी."

बाहेर मुलगी ताटकळत उभी होती. "आई, काय म्हणाले?"

"शाबासकी दिली."

"बघ! मी उगाच जीव टांगणीला लावून बसले होते." ती भराभर जिना उतरून रिक्षा बघायला गेली.

बाईंनी कठडा धरला. एक पायरी. मग थांबून दुसरी.

नोकरीला लागताना काढलेल्या आरोग्य दाखल्यावर त्यांचा रक्तदाब ११०/७० आहे. तो मोजून लिहिलेला आहे.