एडनाचा हात

एडना नर्सचा हात ओफियाच्या सुनेच्या योनीत मनगटापर्यंत गेला होता आणि बाहेर यायचं नाव घेत नव्हता. पाणमोट फुटली तशी पाण्याबरोबर नाळच खाली घसरली होती, निळसर, पीळ पडलेली. एडनाने सुनेला, रोझिनाला, ओणवी केली, डोकं चटईला, ढुंगण वर, आणि हात घातला.

"काय चाललंय तुझं?" ओफियाने विचारलं.

"बाळाचं डोकं नाळेवर बसतंय, आजी. मी ते वर रेटून धरलंय. नाळ दबली की बाळ गेलं. बोट इथं आणायला सांगा, ऑपरेशनच लागेल."

"इथं? बायांच्या बाजूला?"

बाळंतिणीच्या झोपडीशी पुरुषाची बोट कधी लागली नव्हती. रक्त लागलेल्या बोटीकडे मासा फिरकत नाही, हे रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकणारेसुद्धा मानतात. आणि ही मकिरा बेटावरची परकी पोर मालाइतात, आमच्या बेटावर, येऊन हुकूम सोडते! गेल्या महिन्यात हीच म्हणाली होती, बाळाचं डोकं नीट खाली बसत नाहीये, आधीच दवाखान्याजवळ येऊन राहा. ओफियाने तिला हाकललं होतं. त्याचा डूख धरला असेल तर? आत हात घालून काय करते, कुणाला दिसतंय?

"हात काढ."

"नाही काढणार. हे नळकांडं तिच्या पोटाला लावा आणि बाळाचे ठोके ऐका."

ओफियाने कान लावला. ठोके भराभर पळत होते. ऐकता ऐकताच तिने एडनाचं मनगट पकडलं आणि जोरात हिसका दिला.

हात निसटला. ठोके अडखळले. एक. मग काहीच नाही. मग एक.

"बाजूला हो म्हातारे, मारशील!" एडनाने पुन्हा हात घातला. ठोके दबकत परतले, मग पळायला लागले.

ओफिया तशीच उठून बायांच्या बाजूच्या कुंपणाशी गेली. "मेफासिया! बोट इकडं आण!"

"आई, वेड लागलं का? बोट विटाळेल!"

"तू काय आभाळातून पडलास? माझ्याच रक्तात लडबडून आलास, भडव्या! आण!"

बोट आली. रोझिनाला डाव्या कुशीवर निजवलं, कमरेखाली तांदळाची गोणी सरकवली. एडना पायांशी वाकलेली, हात आतच. इंजिनाच्या आवाजात नळकांड्यातून काही ऐकू येईना.

"जिवंत आहे ना? खोटं बोलू नकोस."

"आहे, आजी. नाळेचा ठोका बोटांना लागतोय. पण हात बधिर होत चाललाय माझा."

ओफियाने तिचं कोपर दोन्ही हातांनी धरून ठेवलं, दवाखान्याचा धक्का येईपर्यंत. ऑपरेशनच्या खोलीतही एडना तशीच वाकून, हात न काढता आत गेली.

अर्ध्या तासाने बाळ रडलं. मुलगी.

मेफासिया आईच्या कानाशी लागला. "त्या मकिरावालीनं आत काही केलं तर नाही ना? घरी लोक विचारतील."

"केलं ते मी केलं," ओफिया म्हणाली. "तुझी पोर मारत होते मी. लोकांना हेच सांग."