पिवळी वायर

चाळीस वर्षं मी रेडिओ दुरुस्त केले. मी कथलाचा डाग देऊन जोडलेली वायर कधी हलली, अशी तक्रार घेऊन एकही माणूस परत आला नाही. आणि आता या वयात मी प्लॅस्टिकच्या एका पाटीसमोर डोकं धरून बसलो होतो. तिला ब्रेडबोर्ड म्हणतात. नुसती भोकंच भोकं. दोन्ही टोकांना पिना असलेल्या रंगीत जंपर वायरी या भोकातून त्या भोकात खोचायच्या, की झालं काम. शिंक आली तरी निघेल असलं काम!

हे जावयाने आणून दिलेलं. "बाबा, आधी यावर जमवा, मग डाग द्या," म्हणाला. मला शिकवतोय.

पण गरज माझीच होती. वर्षभरात हिला ऐकू येईनासं झालं. मागच्या आठवड्यात मी दात काढायला गेलो, तेव्हा आमची लेक पाऊण तास दाराबाहेर उभी होती. मी परतलो आणि माझ्या किल्लीने दार उघडलं, तर आत गॅसचा वास. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, आणि ही दाराकडे पाठ करून पालेभाजी निवडत बसलेली. लेक आधी रडली, मग माझ्यावर घसरली. "रविवारी चारला येते. तुम्ही माझ्याबरोबर बाहेर थांबायचं. बेल मी वाजवणार. आईने दार उघडलं तर ठीक, नाहीतर तिला मी घेऊन जाणार." लेकीच्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसं. मला कुठे घेणार? म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी मी एकटा. मला ते नको होतं, दुसरं काही नाही.

म्हणून हा खटाटोप. दारावरचं बटण दाबलं की स्वयंपाकघरात दिवा उघडझाप करणार. दर वेळी दारापर्यंत कोण जाणार, म्हणून चाचणीसाठी त्याच दिव्याचं एक बटण मी माझ्या टेबलावरही बसवलं.

बुधवारी दिवा लागला. ही पदराला हात पुसत धावत आली, आधी दार उघडून बघितलं, मग माझ्याकडे.

"काही नाही, तपासतोय," मी खुणेने सांगितलं. "आलीच आहेस तर पाणी दे."

मग मी तपासतच राहिलो. तपासता तपासता चहा मागवला, पेपर मागवला, पंखा बंद करून घेतला. काम करणाऱ्या माणसाला दर वेळी उठणं परवडतं का? शनिवारी ही चढ्या आवाजात म्हणाली, "अहो, गुडघे दुखतात माझे." ऐकू येत नसल्यापासून तिचं सगळं बोलणं चढ्या आवाजातच असतं. मी लक्ष दिलं नाही.

रविवारी एक वाजता दिवा लागेना. बटण दाबतोय, दाबतोय, ढिम्म! सगळ्या पिना काढून पुन्हा खोचल्या. लाल, काळी, हिरवी, एकेक. पिन आत जाताना वाकायची, ती नखाने सरळ करायची, तोवर शेजारची निघायची. दोन वाजले. घामाने चष्मा घसरायला लागला. जावयाचा, त्या दुकानदाराचा, सगळ्यांचा मी उद्धार केला. तीन वाजता मीटर लावलं. एकेका वायरीची दोन टोकं धरायची. वायर शाबूत असेल तर मीटर टूं करतं. पिवळीनेही टूं केलं, म्हणून तिला सोडून दिलं. साडेतीनला सहज ती वाकवली, आणि मीटर गप्प. वरचं आवरण धडधाकट, आत पिनेपाशी तार तुटलेली. सरळ धरली की जुळायची, वाकली की तुटायची. अडीच तास या भवानीने मला नाचवलं होतं!

फेकली ती. माझ्या डब्यातली जुनी जाड तार कापली, दातांनी सोलली, आणि सगळ्या जोडांना सरळ डाग देऊन टाकले. जावई गेला खड्ड्यात. बटण दाबलं. दिवा झकास लागला. पुन्हा दाबलं, खात्रीसाठी. मग आणखी चार वेळा.

चारला लेक आली. मी चप्पल घालून बाहेर गेलो, दार ओढून घेतलं. स्वयंपाकघराची बाहेरच्या ओट्याकडची खिडकी मागच्या वेळी बंद होती, आज मी उघडून ठेवलेली; तिथून दोघांना आतलं दिसत होतं. ही शेंगा सोलत होती. लेकीने बटण दाबलं.

दिवा लख्ख उघडझाप करायला लागला. हिच्या तोंडासमोर.

हिने मान वर केली, दिव्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

लेकीने बोट दाबून धरलं. दिवा थांबेना. "आता काय हवंय?" ही आतून ओरडली. "घ्या की जरा उठून!" आणि पुढची शेंग उचलली.

लेकीने बटण सोडलं. "बाबा, दिवा तर लागतोय. आईने बघितलाही. मग उठत का नाहीये?"

"तिला वाटतंय, मी बोलावतोय."

"मग? तुम्ही बोलावल्यावर ती येत नाही?"

"बुधवारी यायची," मी म्हणालो.