लव्हाळ्याचा चर

डोमाजीला घाण खपत नसे. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून आपल्याकडे कोणी बोट दाखवू नये, या एका ध्यासानं त्याला पछाडलं होतं. अंगण, गोठा, धोतर, सगळं कसं लख्ख. बायको चतुराबाई म्हणे, "ह्या मानसाचं चाललं त चिखलालेई साबन लावते थो."

बार्शीटाकळीच्या अलीकडे देवराव पाटलांनी मासे पाळायला चार तळी खोदली आणि देखरेखीला डोमाजीला ठेवलं. रोहूच्या पिल्लांना भुईमुगाची ढेप, म्हणजे पेंड, टाकायची, पंधरा दिवसांनी तळ्याचं हिरवं, कुबट पाणी सोडून नवं भरायचं. ते पाणी एका लांब चरातून नाल्याला मिळे. चरात पाणकणीस आणि लव्हाळं कंबरभर माजलं होतं. सरकारी साहेब तळी पाहायला येणार म्हणताच डोमाजीनं चार दिवस खपून ते मुळासकट उपटलं. देवरावांनी चारचौघांत पाठ थोपटली. त्याची छाती इंचभर फुगली.

महिन्याभरात नाल्यातला झिरा नासला. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. बौद्ध वस्तीचं पिण्याचं पाणी तेवढंच. वर हिरवी साय आली, वास सुटला. लेकरांना हगवण लागली, डोमाजीची लेक मैना दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. जवळपास उरली एकच गावविहीर. तिथं दूर उभं राहायचं, कोणी वरून ओतेल ते घागरीत झेलायचं. दीक्षेनंतर वस्तीतल्या एकाही बाईनं ते केलं नव्हतं.

"मी नाही जात तिथं," चतुराबाई म्हणाली. "कोसभर दुरून आनीन, पन तिथं नाही." आणि नवऱ्याला हाताला धरून चरावर घेऊन गेली.

बाभळीखाली, जिथं डोमाजीचं फावडं पोहोचलं नव्हतं, तिथं लव्हाळ्याचा एक गुंता तेवढा शिल्लक होता. चतुराबाई त्याच्या वरच्या अंगाला पाण्यात उतरली. पाय दिसेनात. मग खालच्या अंगाला उभी राहिली, तर बोटांतली जोडवी दिसली.

"पाहा! येवढुशा गवतानं येवढं पानी गाळलं. सारा चर भरून होतं, तवा झिरा नासत नोता. गाळनं तुमीच फेकून देल्लं!"

डोमाजी वाकून त्या गुंत्याची मुळं पाहू लागला. घाण अडवणारंच त्यानं आपल्या हातांनी उपटलं होतं, आणि वर शाबासकी घेतली होती. मैनेचा सुकलेला चेहरा आठवून त्याला स्वतःचीच चीड आली.

आषाढात त्यानं चर दुप्पट रुंद केला, तळाशी गिट्टी आणि रेती अंथरली, नदीकाठचे लव्हाळ्याचे गड्डे आणून हातहात अंतरावर लावले. सगळी वस्ती राबली. तोवर बाया खरोखरच कोसभरावरून पाणी आणत होत्या.

कार्तिकात देवराव आले आणि भडकलेच. "कावून रे, चराचं रान करून ठेवलं? उद्या साहेब येऊन राहिले. उपट हे!"

 डोमाजी म्हणाला, "नाही उपटत, पाटील. मले कामावरून काढा, पन लव्हाळं राहू द्या. आमचं पेयाचं पानी हाय ते."

 चतुराबाईनं पाण्याचे दोन लोटे पुढं ठेवले, एक तळ्याच्या तोंडाचा, एक चराच्या शेवटाचा. देवरावांनी दोन्ही हुंगून पाहिले. मग चराच्या शेवटाचा लोटा उचलून विचारलं,

"हे पानी उन्हाळ्यात परत तळ्यात घालता येईन?"

"कावून नाही?"

"मंग दुसरा चर खोदून त्यातई लाव. साहेबाले मी सांगतो."

त्याच आठवड्यात वस्तीनं झिऱ्यातली जुनी वाळू उपसून टाकली. सकाळी नवं पाणी पाझरून वर आलं, तशा बाया घागरी घेऊन जमल्या. पण चतुराबाईनं कोणालाच हात लावू दिला नाही. लोटा भरून तिनं नवऱ्यापुढं धरला.

"तुमीच नासवलं, आता तुमीच पयले प्या."

बाया हसल्या. डोमाजीनं लोटा तोंडाला लावला. पाणी गोड होतं. सगळ्या वस्तीसमोर त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्यानं त्या पुसल्या नाहीत.