डावा गुडघा

डॉक्टर ओनोदेरांच्या पत्राला आपण उत्तर दिलंच नाही, हे गुणवंतरावांना आठवलं ते हॉस्पिटलात, नवा उजवा गुडघा वाकवताना. एकशे दहा अंशांवर पाय थांबला. शस्त्रक्रियेला चार महिने झाले होते. थेरपिस्ट बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"मांडी घालता येईल का, विचार त्यांना," ते मुलाला म्हणाले.

सारंगने विचारलं नाही. "मांडी कशाला, बाबा? ऑपरेशनच्या फॉर्मवर लिहिलंय ना, खुर्चीत बसणं आणि स्टेशनपर्यंत चालणं."

"कोणी लिहिलं?"

"मीच. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत."

हलवली होती. तेव्हा डॉक्टर एक्स-रेवर रेघा मारत सारंगशी जपानीत बोलत होते आणि सारंग दहा वाक्यांचं एक करून मराठीत सांगत होता. दोघांचा वेळ कशाला खायचा, म्हणून गुणवंतराव प्रत्येक वाक्याला होकार देत गेले. पण चाळीस वर्षं ग्रंथालयात खालच्या कप्प्यापुढे मांडी ठोकून वाचलेल्या माणसाचा गुडघा असा फॉर्मवरच्या दोन ओळींत उरकायचा? बसमध्ये त्यांचे कान तापले होते.

हिगाशी-कसाई भागातल्या घरी येताच त्यांनी शब्दकोशातून पत्र काढून सारंगसमोर आपटलं. सोप्या इंग्रजीत, हाताने लिहिलेलं. 'मुलगा म्हणतो, खुर्ची पुरे. मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. या गुडघ्याने तुम्हाला काय करायचं आहे? ते पाहून सांधा निवडेन.' पत्रामागून उत्तराचे आठ कच्चे खर्डे घसरून पडले. इंग्रजी चुकेल, डॉक्टर हसतील, म्हणून अर्धेच सोडलेले.

सारंगने तारीख पाहिली. "ऑपरेशनच्या आधीचं? मला का नाही दाखवलंत?"

"तू उत्तर लिहून टाकलं असतंस."

सारंगने खर्डे गोळा केले. गुणवंतरावांना राग धरायला आता तो एकटाच उरला नव्हता; ते स्वतःही होते.

त्यांनी नवा कागद घेतला आणि सरळ मराठीत लिहिलं. 'उजव्याच्या वेळी मी गप्प बसलो, ती चूक माझी. डावा पुढच्या महिन्यात आहे. मला जमिनीवर बसून वाचायचं आहे. जमणार नसेल तर तसं मला सांगा, मुलाला नव्हे.'

"द्या, भाषांतर करून उद्या ऑफिसला जाताना टाकतो," सारंग हळूच म्हणाला.

गुणवंतरावांनी मान हलवली. या वेळी आडवी. "डॉक्टर दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतील."

काठी घेऊन ते एकेक पायरी उतरले आणि कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानासमोरच्या लाल टपालपेटीत त्यांनी पाकीट सोडलं.