आम्ही बघतोय म्हणून

संक्रांतीच्या आदल्या सकाळी इंदिराबाई एळ्ळु-बेल्लाच्या, म्हणजे तीळगुळाच्या, पुड्या वाटत बंगळूरच्या बसवनगुडीत हिंडत होत्या. दरवर्षी वाटणारी बाई तापानं आडवी झाली, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या अनुषाचं दार त्यांच्या वाट्याला आलं. त्या दारी त्या चार वर्षं फिरकल्या नव्हत्या.

तिथल्या महिला मंडळात त्यांच्या तोंडाला सगळे वचकून असत. हळदीकुंकवात कुणाचं पोर रडलं, की बायका आधी इंदिराबाईंकडे बघत, आणि त्याही कधी कुणाची निराशा करत नसत. स्वतःच्या दोन लेकी नुसत्या नजरेच्या धाकात वाढवल्याचा त्यांना कोण अभिमान!

चार वर्षांपूर्वी मंडळाच्या बोरन्हाणाला अनुषाच्या यशोवर्धनला मधोमध बसवलं होतं. डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे पडले मात्र, ते चार वर्षांचं पोर कान झाकून किंचाळत लोळायला लागलं. हलव्याचे दागिने तुटून विखुरले.

"लाडावून ठेवलंय," इंदिराबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "आमच्या वेळी एक ठेवून दिली की चूप!"

बायका खुदखुदल्या. मुलाला कधी बोट न लावलेल्या अनुषानं त्याच्या गालावर फाडकन मारली. इंदिराबाईंनी समाधानानं मान डोलावली. त्यानंतर अनुषा मंडळात आली नाही, आणि तिच्या रस्त्याकडच्या खिडक्याही कधी उघड्या दिसल्या नाहीत.

"अक्का? तुम्ही?" आज अनुषानं दार अर्धवट उघडलं.

"सणाचं द्यायला आले गं. यशोवर्धन कुठाय?"

"आहे की आत. त्याला आवाज सोसत नाही, अंगावर काही पडलेलं सोसत नाही. डॉक्टरांनी मागनं सांगितलं. तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं?"

एवढ्यात तो आतल्या दारात आला. आठ वर्षांचा, गोरटेला, उन्हाला पारखा झालेला. त्यानं इंदिराबाईंकडे पाहिलं, हात उचलला आणि स्वतःच्याच गालावर थप्पड मारली. मग दुसरी. तो रडत नव्हता.

अनुषानं धावत जाऊन त्याचे हात धरले. "कुणी बघाय लागलं की असंच करतो. लोकांनी बघितलं की मार बसतो, एवढंच शिकलाय. मी एकदाच मारलं, अक्का. एकदाच!"

इंदिराबाई पुडी हातात घेऊनच खाली उतरल्या. त्या दिवशी फोडणी तडतडली तरी त्या दचकत होत्या.

संक्रांतीला मंडळाच्या सभागृहात मेघाश्रीच्या तीन वर्षांच्या अक्षराला बसवलं. पहिलं बोर कपाळाला लागलं आणि तिनं ताट भिरकावून भोकाड पसरलं. सवयीनं सगळ्या माना इंदिराबाईंकडे गेल्या. ते मेघाश्रीनं पाहिलं आणि लेकीवर हात उगारला. इंदिराबाईंनी तिचं मनगट पकडलं.

"मारू नको. आम्ही बघतोय म्हणून मारू नको."

मग त्या बाकीच्या बायकांकडे वळल्या. "अनुषानं मारलं, ती थप्पड माझी होती. तुम्ही हसलात, म्हणून तुमचीही. ते पोर अजून ती खातंय."

"म्हणजे मुलांना शिस्तच नको काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"हवी की. पण आपल्याला दाखवण्यासाठी नको."

मेघाश्री लेकीला उचलून बाहेरच्या गार पायरीवर जाऊन बसली. तिच्यामागे कुणाच्याही नजरा जाऊ नयेत म्हणून इंदिराबाई दार अडवून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या सकाळी त्या पुन्हा अनुषाच्या दारी गेल्या. आत गेल्या नाहीत. जिन्याच्या पायरीवर दाराकडे पाठ करून बसल्या.

"अनुषा, दार उघडं राहू दे स्वल्प, थोडंसंच. मी त्याच्याकडे बघणार नाही."

बऱ्याच वेळानं मागे अनवाणी पावलं वाजली. यशोवर्धन उंबऱ्यापाशी थांबला. मग थप्पड ऐकू आली.

इंदिराबाईंनी डोळे घट्ट मिटले. "उद्याही येईन रे बाळा," त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या.