पूजेतून उठवलेली घोडी

मी एक जुनी घोडी आहे. हसू नका मित्रांनो! मला शेपूट नाही आणि मी खिंकाळतही नाही. जॅकने गाडी उचलली की तिच्याखाली जे चार पायांचं लोखंडी स्टँड ठेवतात, ते म्हणजे मी. गॅरेजवाले मला घोडी म्हणतात. आम्ही दोघी बहिणी. अंबडच्या एका शेडमध्ये एकाच दिवशी आमचं वेल्डिंग झालं.

तिथून आम्ही मखमलाबादला ज्ञानेशच्या घरी आलो. ज्ञानेश झेंडूची शेती करतो आणि आपली जुनी व्हॅन अंगणातच दुरुस्त करतो. गाडी वर गेली की सगळे जॅकचं कौतुक करायचे. अहो, तो उचलतो आणि दमतो! तेल गळलं की हळूच खाली बसतो. भार पेलून धरायचं काम आमचं, पण वाकून आमच्याकडे बघतंय कोण? जाऊ दे. मी कुरकुर करते, पण मनात ठेवत नाही.

वर्षातून एकदा मात्र आमची चैन असायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ज्ञानेशची आई भागुबाई सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायची. पाने, पकड, खुरपी, जॅक आणि आम्ही दोघी. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मग ती सगळ्यांना बजावायची, "वर्षभर राबत्यात बिचारी. आज त्यांना सुट्टी. उद्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाय!" ते ऐकून मला भरून यायचं.

एका खंडेनवमीला पूजा झाली आणि दुपारी व्हॅनचा सायलेन्सर निखळून जमिनीवर घासायला लागला. अंगणात फुलांचे क्रेट भरून तयार होते. दसऱ्याचा झेंडू त्याच दिवशी खपतो, नंतर त्याला कोणी विचारत नाही. फुलं संध्याकाळपर्यंत बाजारात पोचायलाच हवी होती. ज्ञानेशने पाटाकडे पाहिलं, आईचा शब्द आठवला आणि तो मागे फिरला. गाडीतला छोटा जॅक पूजेत नव्हता. त्याने गाडीची मागची बाजू उचलली, खाली विटा रचल्या, जॅक काढून घेतला आणि तार घेऊन तो आत सरकला.

मी पाटावर नटून बसले होते आणि माझा जीव नुसता तळमळत होता. अरे, विटांचा काय भरवसा!

तेवढ्यात भागुबाई चहा घेऊन आली. तिला गाडीखालून बाहेर आलेले लेकाचे पाय दिसले, मग विटा दिसल्या. कप तिथेच ठेवून ती आमच्याकडे धावली आणि एकेका हातात एकेकीला उचललं.

"ज्ञान्या, आधी बाहेर ये! ह्या लाव खाली."

"आई, पूजेतल्या हायेत त्या! तूच म्हणाली ना..."

"मीच म्हणाले, आता मीच उचलल्या. देवाला काय सांगायचं ते माझं मी बघीन. तू बाहेर ये!"

ज्ञानेश पुटपुटत बाहेर आला. त्याने आम्हाला विटांच्या शेजारी नीट लावलं आणि पुन्हा आत शिरला. सायलेन्सर जागेवर बसवायला त्याने जोर लावला, गाडी हलली आणि एका बाजूच्या विटांचा भुगा झाला. सगळा भार धाडकन माझ्यावर आला. मित्रांनो, माझे पाय मातीत रुतले, पण मी वाकले नाही. माझ्या शेजारीच ज्ञानेशची छाती होती. ती वरखाली होताना मला दिसत होती.

तो सरपटत बाहेर आला. भागुबाईने त्याला पोटाशी धरलं आणि ती ढसाढसा रडली. "लेकरा, मीच तुला विटांच्या भरवशावर गाडीखाली घातलं होतं रे!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

त्यानंतर आमची पूजा होते, पण सुट्टी नसते. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

आता माझा रंग उडालाय, सांध्यांना गंज चढलाय. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं कोणी गाडीखाली शिरायला लागलं की वाकून बघा. तिथे आम्ही नसलो, तर जोरात ओरडा. ते तुमच्यावर रागावतील, रागावू द्या. रागवायला ते घरात असले पाहिजेत ना!