डबीला कुंकू, खापराला धूळ

मित्रांनो, मी एक जुने खापर आहे. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव जळका आहे. सारे आयुष्य चुलीवर काढले, तर स्वभाव दुसरा कसा असणार?

धरणगावच्या झुलाल कुंभाराने मला घडवले. मी दिसायला मडक्यासारखेच, पण पोटाने रुंद आणि बुडाला गुळगुळीत. मला चुलीवर पालथे घालतात, खालून कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ करतात आणि माझ्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजतात. मांडा म्हणजे हातभर रुंद, पातळ पुरणपोळी. ती दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवावी लागते. हात असे गुंतले की जाळ कोण बघणार? म्हणून मांडे एकटीने होत नाहीत. खापराशी दोघी लागतात.

माझी मालकीण सुनंदाबाई. सारी गल्ली तिला अक्का म्हणते. आणि दुसरी बाई ठरलेली, समोरच्या घरातली नूरबी. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नूरबी पदर खोचून चुलीपुढे बसे आणि म्हणे, "जाळ मी देखस, तू मांडा कर." मग दोघींच्या गप्पा आणि माझा ताप एकदमच चढत जाई. गल्लीत खापर एकच होते, ते मी. आखाजीच्या आधी आठ दिवस मला घरोघर मागणी असे. "असा मऊ मांडा अक्काच्या खापरावरच होतो," असे लोक म्हणत. मी ते ऐकत असे आणि फुगत असे.

तीन वर्षांपूर्वी अक्काचा मुलगा हितेंद्र सुरतेहून एक डबी घेऊन आला. पांढरी, कुंकवाच्या करंड्याएवढी, आणि पुढच्या अंगाला मधोमध एक काळा डोळा. डबी बोलत असे. अक्का उठली, जेवली, झोपली हे ती बघत असे आणि सारे ठीक असले की दारावरचा हिरवा दिवा लावत असे. हळूहळू गल्लीतल्या प्रत्येक घरात तशी डबी आली. साऱ्या घरांचे दिवे वर्षभर हिरवे राहिले तर 'आदर्श गल्ली' ही पाटी मिळते, असे जाहीर झाले. आमच्या गल्लीने दोनदा पाटी मिळवली. ती काय फुकट मिळते? सगळ्यांनी आठला जेवायचे, एक ते चार विश्रांती घ्यायची, भेटायला जायचे तर आधी डबीला विचारायचे. धूर झाला की दिवा पिवळा. गल्लीचे पुढारी प्रेमराज नाना अक्काला म्हणाले, "अक्का, तुमच्या एका चुलीपायी बठ्ठी गल्लीची पाटी जाईल." अक्काने चूल विझवली. मला माळ्यावर ठेवले.

तिथून मला सारे दिसत होते आणि पाहून पाहून माझ्या पोटात दुखत होते. अक्का सकाळी उठल्याबरोबर डबीशी बोले. तिच्याशी बोलायला ती शाळेतल्या बाईंसारखी भाषा वापरे, कारण डबीला आपली अहिराणी कळत नव्हती. "मी जेवण केले आहे," असे अक्का जपून जपून म्हणे आणि डबी म्हणे, "छान, सुनंदाबाई." माझ्यासाठी कधी कोणी भाषा बदलली? अक्का तिला रोज मऊ फडक्याने पुसे. माझ्या अंगावर बोटभर धूळ. कालची आलेली ती, ना तिला घडवताना कोणी थापटले, ना ती कधी तापली, आणि मान सगळा तिला. माझी सवतच ती. तिचे काहीतरी बिघडावे असे मी रोज मनात आणत असे. खोटे कशाला बोलू?

यंदाच्या आखाजीला अक्काने घागर भरली आणि घागरीला हळदीकुंकू वाहिले. मग ती डबीपुढे आली. आपल्याकडे घरात राबणाऱ्या वस्तूला सणासुदीला कुंकू लावतात. अक्काने बोट कुंकवात बुडवले आणि डबीच्या कपाळावर, म्हणजे नेमके त्या काळ्या डोळ्यावर, ठसठशीत टिळा लावला.

मला डबीचा इतका राग आला की ती आंधळी झाली हे माझ्या उशिरा लक्षात आले. लक्षात आले तेव्हा मात्र आनंद झाला. बरी खोड मोडली, असे मला वाटले. डोळ्यापुढे कोणी हलताना दिसले नाही की माणूस विश्रांती घेत आहे, असे डबी धरून चालत असे. तिने दारावरचा दिवा हिरवाच ठेवला.

त्यानंतर अक्काने स्टूल ओढले. बोटाला कुंकू तसेच होते. ती स्टुलावर चढली, माळ्याकडे हात केला आणि माझ्या काठाला धरले. मित्रांनो, ती मला कुंकू लावायला आली होती. ती मला विसरली नव्हती. स्टूल कलंडले आणि अक्का खाली पडली.

"मना पाय गया," अक्का कण्हली. "नूरबीले बलाव."

"आपले वाक्य समजले नाही," डबी म्हणाली. "कृपया पुन्हा बोला."

वेदनेत अक्काला ती शाळेची भाषा आठवेना. ती अहिराणीतच बोलत राहिली आणि डबी तेच उत्तर देत राहिली. मग अक्का गप्प झाली. दारावर हिरवा दिवा होता. गल्लीतून माणसे गेली, आली. हिरवा दिवा पाहून कोणी थांबले नाही. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. मी माळ्याच्या कडेला तिरपे लोंबकळत होते आणि मला तोंड असून आवाज नव्हता. डबी आंधळी झाली म्हणून मी हसले होते, त्याची मला फार लाज वाटली.

साडेतीनच्या सुमाराला दार वाजले. नूरबीची सून नाजमीन हिला सातवा महिना होता आणि तिला मांड्याचे डोहाळे लागले होते. डोहाळे मोडू नयेत, म्हणून नूरबी मला न्यायला आली होती.

"सुनंदाबाई विश्रांती घेत आहेत," डबी म्हणाली. "आत आल्यास दिवा लाल होईल."

"व्हऊ दे लाल," नूरबी दाराबाहेरून म्हणाली. "माले खापर पाहिजे." आणि तिने दार ढकलले.

दिवा लाल झाला. गल्ली बाहेर आली ती आधी नूरबीला बोल लावायला. मग आत काय झाले ते कळले आणि अक्काला जळगावच्या दवाखान्यात नेले. खुब्याचे हाड मोडले होते. आणखी उशीर झाला असता तर अवघड होते, असे डॉक्टर म्हणाले.

अक्का वाचली. पण पाटी पलीकडच्या गल्लीला गेली, आणि लोकांनी साऱ्याचे खापर नूरबीवर फोडले. असल्या कामाला माझे नाव का वापरतात, कोण जाणे. हितेंद्रने आता दुसरी डबी आणली आहे. "आई, हिला आपली बोली समजते," तो म्हणाला. अक्का खाटेवरून म्हणाली, "समजी लेई. पन माले उठाडी का?" हितेंद्र दुसऱ्या दिवशी सुरतेला गेला.

नव्या डबीच्या नियमात एक गोष्ट बसते. वस्तू न्यायला किंवा परत द्यायला कोणी आले तर दोन मिनिटे दिवा हिरवाच राहतो. म्हणून नूरबी रोज येते. एक दिवस मला घेऊन जाते, दुसऱ्या दिवशी परत आणते. मांडे कोणीच करत नाही. त्या दोन मिनिटांत ती अक्काचा हात हातात घेऊन बसते आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पूर्वी मला याचा किती राग आला असता. आता मी कोपऱ्यात गप्प बसते, दोन मिनिटे जरा लांबावीत एवढेच मनात आणते.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत एखाद्या दारावर हिरवा दिवा असेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका, आत जा. निमित्ताला खापर नसेल तर एखादी वाटी न्या. आणि निघताना ती तिथेच विसरा, म्हणजे उद्या पुन्हा जावे लागेल.